पठारावरची फुलं आणि हुपरीचे पैंजण: छंदातून कमाईकडे वळलेल्या एका फोटोग्राफरचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातलं. माणूस ओळखू येईल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत, आणि रकमा गोल केल्या आहेत. मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि आयकराची विवरणपत्रं बघतो. त्यामुळे इथे कॅमेऱ्यापेक्षा वहीची बाजू थोडी जास्त येईल, पण ह्या प्रकरणात सगळं अडलं होतं तेही वहीतच.

पार्श्वभूमी

तिशी ओलांडलेला, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात कामाला. दिवसभर कास्टिंगवरच्या बारीक भेगा आणि ब्लो-होल, म्हणजे हवेची छिद्रं, शोधायची, व्हर्नियर लावून मापं घ्यायची. पगार 28,000 च्या आसपास. बायको घरी ब्लाउज शिवते, मुलगी बालवाडीत.

फोटोचा नाद लग्नाआधीपासूनचा. कॅमेरा जुना घेतलेला, निकॉन डी5300. त्यावर टोकिनाची 100 मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायची, लेन्स, तीही जुनीच. ह्या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, आणि ह्या लेन्सला ती लागते. म्हणजे ह्या जोडीवर ऑटोफोकस चालत नाही. त्यामुळेच ती त्याला स्वस्तात मिळाली आणि हातानं फोकस करायची सवय लागली. पाऊस ओसरला की मसाई पठार, सुट्टीला सुट्टी जोडून आली तर कास. ओल्या कातळावर पोटावर पडून दवबिंदू ह्या कीटक खाणाऱ्या वनस्पतीच्या चिकट थेंबात अडकलेला माशीचा पाय टिपायचा, सीतेच्या आसवांचं निळं फूल वाऱ्यात हलायचं थांबेपर्यंत वाट बघायची. एका फुलापाशी सहज तासभर जायचा. निसर्गचित्रांना पैसे मिळतील असं त्याला कधी वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पण व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरची फुलं बघून लोकांनी विचारायला सुरुवात केली, "लग्नाचं काढतोस का रे?" आपल्याकडे गळ्यात मोठा कॅमेरा दिसला की हा प्रश्न ठरलेलाच. पहिला साखरपुडा आत्तेभावाचा, जेवणावर. दुसरं काम कंपनीतल्या सहकाऱ्याचं लग्न, 15,000 रुपयांत, अल्बमसकट.

हा दुसरा व्यवहार त्याच्या मते फायद्याचा होता. पुढे वही उघडली तेव्हा दिसलं ते असं: बारा बाय छत्तीसचा तीस शीटचा अल्बम, डिझाइनसह 8,500. दोन फ्लॅश आणि बॅटऱ्यांचं भाडं 1,200. लाईट धरायला आलेल्या पोराला 800. पेट्रोल आणि किरकोळ 500. हातात उरले 4,000, त्यात दोन दिवसांची रजा आणि तीन आठवडे रात्री जागून केलेलं एडिटिंग. हे त्याच्या लक्षात आलं नाही, कारण अल्बमवाल्याचं बिल महिन्याभरानं आलं आणि ते पगारातून भागवलं गेलं. घरखर्च आणि कॅमेऱ्याचा खर्च एकाच खात्यातून झाला की असा फायदा दिसतो.

अडचण

तिसरं काम दूरच्या नात्यातलं. नवरदेवाच्या काकांनी फोनवर ठरवलं: "दोन्हीकडचं मिळून चाळीस हजार. फोटो, शुटिंग, सगळं." अ‍ॅडव्हान्स 10,000 आला. व्हिडिओ त्याला जमत नव्हता, म्हणून तो दुसऱ्याला 14,000 ला दिला.

"दोन्हीकडचं" ह्या एका शब्दावर सगळं फिरलं. त्याची समजूत अशी की लग्नाच्या दिवशी दोन्हीकडची माणसं फोटोत यायला हवीत. काकांच्या मनात दोन्हीकडची हळद, आदल्या संध्याकाळचा कार्यक्रम आणि दोन अल्बम होते. मुलीच्या वडिलांना वाटत होतं, फोटोवाला मुलाकडचा आहे, आपला काही संबंध नाही. तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं.

हळदीच्या संध्याकाळी तो ड्यूटीवर असताना फोन आला, "कुठं हाईस? हळद लागाय लागली." धावत पोचला तोवर अर्धी हळद लागून गेली होती.

दुसऱ्या दिवशी अक्षतांच्या वेळी जे झालं ते जास्त बोलकं आहे. शेवटची मंगलाष्टका सुरू झाली, तशी स्टेजवर माणसं चढली. निम्म्यांच्या हातात मोबाईल वर. अंतरपाट धरणाऱ्या दोघांच्या मधल्या फटीतून तो नवरीच्या हातातल्या हारावर फोकस नेमका करत होता, हातानं, सवयीनं. "सावधान" झालं, अंतरपाट खाली गेला, अक्षता उडाल्या. आधीच्या दोन-तीन फटक्यांत रिकामा झालेला फ्लॅश अजून भरलेला नव्हता. तो क्षण कॅमेऱ्यात आला, पण अंधारात. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली सगळी मूळ माहिती, होती म्हणून मागाहून बराचसा उजळता आला. पठारावर वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत थांबता येतं, भटजी थांबत नाहीत. हल्ली भटजींनाही थांबवणारे फोटोग्राफर आहेत म्हणा, पण त्याला तेवढा आवाज पाहिजे, आणि ह्याला तो नाही.

मग पैशांची वेळ आली. मुलाकडचे म्हणाले, "आमचे निम्मे वीस. दहा दिलेत, दहा घे. बाकीचं पोरीच्या वडलांकडं बघ." मुलीचे वडील म्हणाले, "आम्ही फोटोवाला सांगितलाच नव्हता." दहा मिळाले. कुणीतरी मध्यस्थी केल्यावर आणखी पाच आले. उरलेले पंधरा नात्याखातर सोडून दिले. जमा 25,000, खर्च, अल्बम एकच छापूनही, 26,000. बायकोनं विचारलं, "एवढं राबून खिशातनं हजार का गेले?" त्या प्रश्नानंतर तो माझ्याकडे आला.

येताना त्यानं प्रश्न मांडला तो कॅमेऱ्याचा होता: मोठ्या सेन्सरचा फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावा का? त्याला वाटत होतं की अंतरपाट अंधारात गेला तो उपकरण कमी पडल्यामुळे, आणि पैसे बुडाले ते आपण अजून "प्रोफेशनल" दिसत नाही म्हणून. माझं मत वेगळं होतं. त्या मोसमात तो पठारावर एकदाही गेला नव्हता. ती गोष्ट मला जास्त काळजीची वाटली.

समोरचे पर्याय

नोकरी सोडून लग्नांच्या कामात पूर्णवेळ उतरणं, हा पहिला. ओळखीच्या दुकानदारानं यादीच काढून दिली होती: एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर फोटो साठवणारा मिररलेस कॅमेरा, दोन मोठ्या लेन्स, फ्लॅशचा संच, ड्रोन. साडेचार लाख, तीन वर्षांच्या हप्त्यावर, महिना पंधरा हजारांच्या घरात. मी त्याला पंचांग घेऊन बसवलं. तुळशीची लग्नं लागली की हंगाम सुरू. मध्ये धनुर्मासाची खोट. मग माघ-फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत गर्दी, आणि पुढे चातुर्मासात सगळं थंड. हप्ता बारा महिने, मुहूर्त सहा-सात महिने, आणि चांगले मुहूर्त सगळ्या फोटोग्राफरांना एकाच दिवशी. ड्रोनचं आणखी वेगळं. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय तो वर नेता येत नाही. कोल्हापूरचं विमानतळ उजळाईवाडीला आहे, त्याच्या घरापासून फार लांब नाही.

दुसरा पर्याय, पुन्हा नुसता छंद. हा पर्याय लोक लाजून मोजतच नाहीत. त्यावेळी मला तो सगळ्यात कमी नुकसानीचा वाटत होता आणि मी तसं सांगितलं. त्याला पटलं नाही. घरात पैशांची गरज खरीच होती.

तिसरा, एखाद्या जमलेल्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे दिवसाच्या बोलीवर दुसरा कॅमेरा धरायचा. दिवसाला 2,500, अल्बम नाही, गिऱ्हाइकाशी बोलणं नाही, बाकी वसूल करणं नाही. कमाई थोडी, पण खर्चही नाही.

स्टॉक फोटोंच्या संकेतस्थळांचा विचारही झाला, पण फार वेळ नाही. एका डाउनलोडमागे मिळणारी रक्कम पाहून त्यानंच तो सोडला.

त्यानं तिसरा निवडला, एका हंगामापुरता. चौथा पर्याय त्यावेळी आमच्या दोघांच्याही डोक्यात नव्हता.

काय केलं

त्या हंगामात त्याला प्रकाशाबद्दल थोडं आणि ऑर्डरबद्दल पुष्कळ शिकायला मिळालं. त्याचे ते सीनियर लग्नाची ऑर्डर फोनवर घेत नसत. घरी जायचे, शक्यतो दोन्हीकडची जाणती माणसं समोर असताना. डुप्लिकेट बुकात एकेका कार्यक्रमाचं नाव लिहायचे: साखरपुडा, मुहूर्तमेढ, हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात, पूजा. प्रत्येकापुढे तारीख, ठिकाण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. खाली अल्बम किती, शीट किती, आणि "पैसे देणार" ह्या शब्दांपुढे एकाच माणसाचं नाव आणि सही. तीन हप्ते: ठरवताना, हळदीच्या दिवशी, आणि अल्बम छापायला टाकण्याआधी बाकी शून्य. कार्बन कागदाची प्रत गिऱ्हाइकाकडे. एका पानाचा हा कागद असता तर "दोन्हीकडचं" हा शब्द पंधरा हजारांना पडला नसता.

हंगाम संपता संपता त्याला आणखी एक गोष्ट कळली: लग्नं त्याला नकोत. गर्दीत ओरडून माणसं उभी करणं त्याच्या स्वभावात नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. हे त्यानं स्वतः, कुणावर राग न धरता सांगितलं. ह्या सगळ्या प्रकरणातला पहिला खरा निर्णय माझ्या मते तोच.

हुपरी मध्ये आली ती बायकोच्या मामांमुळे. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध. चंदेरी नगरीच म्हणतात तिला. मामांचा पैंजणांचा छोटा कारखाना. परराज्यातल्या व्यापाऱ्यांना नवे नमुने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, पण मोबाईलमधल्या फोटोत चांदी काळपट यायची आणि मीन्याचा रंग भलताच. "जावईबापू, तुमच्या त्या मोठ्या कॅमेऱ्यानं बघा की जरा," एवढंच निमंत्रण.

पहिल्या दिवशीचे फोटो वाईट आले. कारखान्यातली ट्यूबलाईट, खिडकीतला उजेड आणि त्यानं नेलेला दिवा, तिन्हींचे रंग तीन. शिवाय चांदी म्हणजे आरसा. मोठ्या पडद्यावर फोटो उघडला तर पैंजणाच्या प्रत्येक मण्यात एक लाल ठिपका, आणि लाल ठिपक्याच्या मधोमध काळा. लाल त्याचा शर्ट, काळा कॅमेरा. मामांनी बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, ही चांदी हाय का जस्त?"

आता त्याला आवडणारं काम सुरू झालं. दुसऱ्या खेपेला राखाडी शर्ट घालून गेला. खिडकीला पडदा, ट्यूब बंद. पैंजणाभोवती बटर पेपरचा तंबू, त्यावर बाहेरून दोन्हीकडून एकाच जातीचे एलईडी दिवे. आता चांदी पांढरी आली, पण सपाट. कडाच दिसेनात, मणी पांढऱ्या कागदात विरघळल्यासारखे. मग बोटभर रुंदीच्या काळ्या कार्डाच्या पट्ट्या कापून तंबूच्या आत, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभ्या केल्या. त्या पट्ट्यांचं प्रतिबिंब मण्यांच्या कडेनं बारीक काळी रेघ होऊन उमटलं आणि घडण उठून दिसली. इतक्या जवळून घेताना फोकसमध्ये राहणारी जागा मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. म्हणून एकाच नमुन्याचे फोकस थोडा थोडा सरकवत पंधराएक फोटो आणि मागून ते एकात एक बसवलेले. दर वेळी हातमोजे, कारण बोटाचा ठसा चांदीवर कास्टिंगवरच्या भेगेइतकाच स्पष्ट दिसतो. राखाडी कार्ड ठेवून पांढऱ्याचा तोल घेतलेला, म्हणजे मीना खरा हिरवा तो हिरवाच.

फाउंड्रीत दोष शोधणारा डोळा आणि पठारावर लागलेली थांबायची सवय, दोन्हींचा उपयोग इथे झाला. तो वर्षानुवर्षं ज्या कामात तासन् तास घालवत होता, त्याला गिऱ्हाईक होतं; फक्त ते लग्नाच्या मांडवात नव्हतं. हे मला आधी सुचलं असतं असं नाही. मामांना सुचलं.

ह्या फोटोंवर मामांना परगावची ऑर्डर आली आणि हुपरीत शेजारच्या कारखान्यातून चौकशी सुरू झाली. इथून पुढे चार ठिकाणी थांबून ठरवावं लागलं.

*जागा.* घरी सेट-अप करणं सोयीचं होतं. पण म्हणजे किलो-दीड किलो चांदी बसनं किंवा दुचाकीवर नेणं-आणणं, रात्रभर घरात ठेवणं. वजनात दोन ग्रॅम कमी भरले तर उत्तर कोण देणार? त्यानं सगळा संच दोन पिशव्यांत बसवला आणि कारखान्यातच काम करायचं ठरवलं. तिथेही नमुने हातात घेताना वजन, परत देताना वजन, दोन्ही आकडे एका चिठ्ठीवर, मालकाची आणि त्याची सही. चांदीच्या धंद्यात ह्याचं कुणाला वाईट वाटत नाही. उलट असं न करणाऱ्यावर विश्वास कमी बसतो.

*दर.* सुरुवातीला एका नमुन्याला 150 सांगितले. दिवसात वीस नमुने होतात, म्हणजे 3,000. दिवसाचे तीन हजार ऐकायला चांगले. पण फोकस जोडणं, धूळ काढणं, पार्श्वभूमी शुद्ध पांढरी करणं ह्यात दुसरा दिवस जातो. म्हणजे दिवसाला पंधराशे, त्यातून प्रवास, दिव्यांची झीज, आणि एका दिवसात शटरचे तीनशे फटके. कॅमेऱ्याचं शटर काही अमर नसतं. आम्ही बसून आकडा नव्यानं काढला: एका नमुन्याला 250, कमीत कमी बिल 4,000, एकदाच दुरुस्ती मोफत, हातात किंवा पायात घालून काढायचे फोटो वेगळ्या दरानं. दोन कारखानदार ह्या दराला गळाले. तिघे राहिले. त्यातल्या एकानं घासाघीस केली तीही दरावर नाही, चार हजारांच्या अटीवर, आणि ती अट आमच्या फोटोग्राफरनं सोडली नाही.

*हक्क.* एका संध्याकाळी त्यानं एक सुंदर आलेला पैंजण इन्स्टाग्रामवर टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी कारखानदाराचा फोन: "उद्या दुसऱ्याच्या कारखान्यात हेच डिझाइन उतरंल, मग माझ्या साच्याचे पैसे कोण देणार?" पोस्ट लगेच काढून टाकली. त्याचा समज होता की फोटो मी काढला म्हणजे तो माझा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 17 वेगळं सांगतं: पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा असतो. शिवाय 2000 च्या डिझाइन कायद्याप्रमाणे एखादी नक्षी नोंदवायची असेल, तर ती आधी लोकांसमोर आलेली चालत नाही. म्हणजे त्याची एक हौसेची पोस्ट गिऱ्हाइकाची नोंदणी अडवू शकली असती.

ह्यावर पूर्ण गप्प बसणं हाही तोट्याचा मार्ग होता. नमुना दाखवल्याशिवाय नवीन काम कसं मिळणार? तोडगा निघाला तो ऑर्डरच्या कागदावरच्या एका ओळीत: माल बाजारात येऊन सहा महिने झाल्यावर, मालकाच्या लेखी होकारानं, जास्तीत जास्त तीन फोटो दाखवता येतील. तोवर दाखवायला त्यानं स्वतःच्या आईचे जुने तोडे आणि बायकोची जोडवी यांचे फोटो काढले. ते मला आजही त्याचे सगळ्यात चांगले फोटो वाटतात.

*नोकरी.* नेमणुकीच्या पत्रात ओळ होती की परवानगीशिवाय दुसरं पगारी किंवा धंद्याचं काम करता येणार नाही. लग्नांच्या वेळी त्यानं ती वाचलीच नव्हती. लपवून करावं असा सल्ला देणारे मित्र पुष्कळ निघाले. त्यानं लेखी अर्ज केला आणि दोन अटींवर परवानगी मिळाली: कामाच्या वेळेत नाही, आणि कंपनीच्या स्पर्धकासाठी नाही.

कागदपत्रांचं फार लांबवत नाही. शॉप अ‍ॅक्टखाली अशा अगदी छोट्या आस्थापनेला महाराष्ट्रात फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. चालू खातं वेगळं उघडलं. क्रमांक घातलेली बिलं सुरू झाली. सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असल्यानं जीएसटी नोंदणी लागली नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकानं "जीएसटीचं बिल द्या, आम्हाला क्रेडिट मिळेल" असा आग्रह धरला, तेव्हा नोंदणीशिवाय कर लावता येत नाही हे त्यानं सरळ सांगितलं. पगारासोबत धंद्याचं उत्पन्न आल्यामुळे आयकराचं विवरणपत्र सहज (आयटीआर-1) ऐवजी सुगम (आयटीआर-4) नमुन्यात गेलं.

निष्पत्ती

दोनेक वर्षं झाली. तो अजून नोकरीत आहे. चांगल्या महिन्यात खर्च जाऊन वीस-बावीस हजार सुटतात, वाईट महिन्यात चार. सरासरी काढून दाखवता येईल, पण घर सरासरीवर चालत नाही, म्हणून नोकरी सोडायचा विषय त्यानंच बाजूला ठेवला आहे. साडेचार लाखांचं कर्ज झालं नाही. कॅमेरा तोच आहे, लेन्स तीच. नवीन घेतलं ते मॅक्रोसाठी कॅमेरा थोडा थोडा पुढेमागे सरकवायची सरकपट्टी, रंग खरा दाखवणारे दोन दिवे आणि एक बरा मॉनिटर.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. 2025 मध्ये चांदीचा किलोचा भाव लाखाच्या पुढे गेला आणि वर जातच राहिला. कारखानदारांनी आधी हात आखडता घेतला, नवे नमुने थांबले, आणि त्याच्याकडे सलग काही महिने कामच नव्हतं. मग कमी वजनाचे, पोकळ घडणीचे नमुने निघायला लागले तसं काम परत आलं, उलट थोडं वाढलंच, कारण हलका माल फोटोत भरीव दिसायला हवा अशी प्रत्येकाची इच्छा. इथे त्याला एकदा नाही म्हणावं लागलं. एका कारखानदाराला जाडी एडिटिंगमध्ये वाढवून हवी होती. त्यानं ती वाढवली नाही आणि ते गिऱ्हाईक गेलं.

त्या कोरड्या महिन्यांत तो कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, फिरला. साज आणि ठुशीची दोन कामं मिळाली. सोन्याला प्रकाश वेगळा लागतो, जरा उबदार, आणि काळ्या पट्ट्या बारीक. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा कॅटलॉगही केला; तिथे अर्थातच आधी कंपनीला विचारून.

पावसाळा संपला की तो पुन्हा मसाईला जातो. ते फोटो विकत नाही, बिलावर त्यांचा उल्लेखही नसतो.

वेगळं काय करता आलं असतं

दुसऱ्या कामानंतर हिशेब मांडला असता तर तिसरं काम त्या दरात घेतलंच गेलं नसतं. चार हजार उरले हा आकडा तेव्हाही कागदावर काढता येत होता. त्याला कुणा सल्लागाराची गरज नव्हती.

मामांचे पहिले वीस नमुने फुकट केले, हे ठीकच. नाती अशीच सांभाळली जातात. पण बिलच दिलं नाही, हे अंगाशी आलं. हुपरीत बातमी फिरली, आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "मामाला फुकट आणि मला अडीचशे?" पूर्ण दराचं बिल, खाली "नात्यातली सवलत" म्हणून तेवढीच वजावट, देय रक्कम शून्य, असा कागद मामांच्या हातात असता तर दराची किंमत राहिली असती आणि मामांचा मानही.

तिन्ही कामं त्यानं एकाच मेमरी कार्डाच्या कॅमेऱ्यावर केली. काही बिघडलं नाही, त्यामुळे ह्याची नोंद कुणी घेत नाही. लग्न पुन्हा लागत नसतं. दुसऱ्याचा असा प्रसंग एकाच कार्डावर घेणं मला पटत नाही, भाड्यानं का होईना दोन कार्डांची बॉडी आणावी. आता हुपरीत कॅमेरा केबलनं लॅपटॉपला जोडलेला असतो आणि निघण्याआधी डेटा दुसऱ्या डिस्कवर जातो. पैंजण पुन्हा मांडता येतो तिथे ही काळजी, आणि अंतरपाट पुन्हा धरता येत नाही तिथे ती नव्हती.

एकाच मालावर अवलंबून राहणं टाळता आलं असतं का, ह्याबद्दल आमचं एकमत नाही. मी म्हणतो गुजरीत आधीच जायला हवं होतं. तो म्हणतो, हुपरीत हात बसल्याशिवाय गुजरीतल्या सराफानं दारात उभं केलं नसतं. त्याचं बरोबर असेल.

सध्या त्याच्यासमोर नवा कागद आहे. एका कारखानदारानं महिन्याला ठरलेली रक्कम देऊ केली आहे, अट अशी की पैंजणांचं दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही. रक्कम त्याच्या चांगल्या महिन्याच्या निम्मी. त्यानं उत्तर पाठवलंय: फक्त पैंजण, फक्त एक वर्ष, रक्कम दीडपट, आणि मामांचा कारखाना ह्या अटीच्या बाहेर. मामांबद्दलची अट त्यांना मान्य आहे म्हणे. रकमेवर बोलणं चालू आहे.